स्ट्रिंग थिअरी: पहिल्यांदाच वाचणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रिंग थिअरी एका दमात सांगायची तर?

इलेक्ट्रॉन, क्वार्क, प्रकाशाचा कण फोटॉन हे सगळे ठिपके नसून अतिसूक्ष्म तंतू आहेत आणि तंतू कसा थरथरतो यावरून तो आपल्याला कोणता कण म्हणून दिसणार हे ठरतं, असं मानणारा हा सिद्धांत. पुस्तकी मराठीत तंतुसिद्धांत, बोलताना सगळे स्ट्रिंगच म्हणतात. गृहीतक एवढंच आहे. पण ते एकदा मान्य केलं की पुढचं फारसं काही आपल्या हातात राहत नाही. गुरुत्वाकर्षण हवं की नको, मिती किती, हे सगळं गणित ठरवतं. म्हणून या विषयात ‘गणितातून निघतं’, ‘असं असावं अशी आशा आहे’ आणि ‘प्रयोगात दिसलं’ ही तीन खाती वेगळी ठेवून वाचावं. बहुतेक गैरसमज या खात्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

तंतू कशाचा बनलेला असतो?

कशाचाच नाही. सुतळी तागाची, तागाचा धागा रेणूंचा, रेणू अणूंचे, अशी उतरंड कुठे तरी थांबायला हवी. सिद्धांताच्या म्हणण्यानुसार ती इथे थांबते. तंतूला एकच गुण आहे: ताण.

हा ताणही आपल्या ओळखीचा नाही. रबर ओढलं की त्याचा ताण वाढतो. हा तंतू लांबवला तर ताण तेवढाच राहतो, फक्त लांबीच्या प्रमाणात ऊर्जा वाढते. दुसरं म्हणजे त्याच्यावर खुणेला मणी ओवता येत नाहीत, कारण त्याचा एक भाग दुसऱ्या भागापासून ओळखताच येत नाही. त्यामुळे लांबीच्या दिशेने सरकणाऱ्या लाटांना अर्थ नाही, तंतू फक्त आडवा थरथरतो. ही बारीकशी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. मितींची संख्या काढताना ती लागणार आहे.

किती लहान?

नक्की आकडा माहीत नाही. नेहमीचा अंदाज प्लँक लांबीच्या आसपासचा असतो, म्हणजे १.६ गुणिले दहाचा उणे ३५वा घात मीटर. तंतू तांदळाच्या ५ मिलिमीटरच्या दाण्याएवढा फुगवला आणि त्याच प्रमाणात प्रोटॉनही फुगवला, तर प्रोटॉनचा व्यास ५० प्रकाशवर्षांच्या वर जाईल. इथे प्रोटॉन म्हटलंय, अणू नव्हे. अणू त्याच्याही लाखपट मोठा.

तंबोऱ्याची तार छेडली की स्वर, तंतू थरथरला की कण. हा दाखला कितपत खरा?

निम्मा खरा. आणि उरलेला निम्मा दिशाभूल करतो, म्हणून जरा थांबून बघू.

खरा भाग असा की दोन टोकांत बांधलेली तार वाटेल तशी थरथरत नाही. तिच्यात अर्ध्या लाटांची पूर्ण संख्याच बसते: एक, दोन, तीन. स्वरही त्याच पटीत चढतात. तंतूचंही तसंच. त्याची कंपनं पायऱ्यापायऱ्यांनी चढतात, मधली अवस्था नसते.

आता दिशाभूल. हा दाखला ऐकून वाटतं की पहिला स्वर इलेक्ट्रॉन, दुसरा म्युऑन, तिसरा क्वार्क अशी काही सरगम असेल. तसं नाही. तंतूच्या सगळ्यात खालच्या पायरीवर वस्तुमान शून्य असतं आणि आपल्या माहितीतले सगळे कण या एकाच पायरीवर बसतात. त्यांच्यातला फरक तंतू कोणत्या दिशेने थरथरतो, उघडा आहे की कड्यासारखा बंद, जास्तीच्या मितींत तो कसा बसला आहे, अशा गोष्टींतून येतो. वरच्या पायऱ्यांवरचे कण अतोनात जड. तंतूची लांबी प्लँक लांबीइतकी धरली तर पहिल्याच पायरीवरचा कण इलेक्ट्रॉनच्या दहाचा २२वा घात पट भरेल. त्या तागडीत इलेक्ट्रॉनचं वजन शून्यच दिसतं. मग इलेक्ट्रॉनला थोडंसं वजन येतं कुठून? तारेच्या स्वरातून नाही, सगळीकडे पसरलेल्या हिग्ज नावाच्या क्षेत्राशी असलेल्या संबंधातून. म्हणजे तो वेगळाच धडा.

आणखी एक फरक. तंबोऱ्याचे स्वर १, २, ३ असे चढतात. तंतूत वस्तुमानाचा वर्ग १, २, ३ असा चढतो, त्यामुळे वस्तुमान १, मग २चं वर्गमूळ, मग ३चं वर्गमूळ. वर जाऊ तशा पायऱ्या जवळ येत जातात.

घरी करून बघता येईल असं काही आहे का?

स्ट्रिंग थिअरीचा प्रयोग घरी होत नाही. पण ‘ताण आणि लांबीवरून स्वर ठरतो’ ही ज्या पायावर सगळं उभं आहे ती गोष्ट अर्ध्या तासात हाताला कळते. घरगुती तुणतुणं करायचं.

नायलॉनच्या बारीक दोरीचं ५० मीटरचं रीळ घ्या. किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून वजन बघा आणि नुसतं रीळ भरेल तेवढं वजा करा. समजा दोरी ५० ग्रॅम भरली, म्हणजे मीटरला १ ग्रॅम. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या तळाला मधोमध भोक पाडा, दोरी आतून ओवा आणि आतल्या टोकाला काडीपेटीतली काडी बांधा, म्हणजे ती निसटणार नाही. डबा तोंड वर करून खिडकीच्या ग्रिलला घट्ट टांगा. दोरी खाली सोडून डब्याच्या तळापासून बरोबर १ मीटरवर पाण्याने भरलेली १ लिटरची बाटली बांधा. नायलॉन सुरुवातीला ताणलं जातं, तेव्हा दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि लांबी पुन्हा मोजून सारखी करा.

हिशेब असा: ताण सुमारे ९.८ न्यूटन. ताणाला मीटरमागच्या वस्तुमानाने, म्हणजे ०.००१ किलोने, भागून वर्गमूळ काढलं की दोरीवरच्या लाटेचा वेग येतो, साधारण ९९ मीटर दर सेकंदाला. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की सेकंदाला जवळजवळ ५० कंपनं. इतका खर्ज मोबाइलचा माइक नीट पकडत नाही. म्हणून दोरी मधोमध चिमटीत घट्ट धरून वरचा अर्धा भाग छेडा, १०० येतील. पाव मीटरवर धरलीत तर २००. ट्यूनरचं कुठलंही ॲप हे आकडे दाखवतं. आता बाटली एकाऐवजी चार किलोची करा. स्वर चौपट होत नाही, दुप्पट होतो, कारण मधे वर्गमूळ आहे.

दोरी टेबलाच्या काठावरून वळवून खाली सोडण्याचा मोह होतो. तसं केलं तर काठावरच्या घर्षणात ताणाचा काही भाग अडकतो, आकडे जुळत नाहीत आणि माणूस सूत्राला दोष देत बसतो. बाटलीखाली बादली ठेवायला विसरू नका.

या प्रयोगात लांबी आणि वजन दोन्ही तुमच्या मर्जीने बदललंत. स्ट्रिंग थिअरीत ती सोय नाही. सगळ्या तंतूंचा ताण एकच.

मुळात याची गरज कुणाला पडली?

आज ज्या प्रश्नासाठी ती ओळखली जाते त्यासाठी ती जन्मलीच नव्हती. १९६८ साली गॅब्रिएले व्हेनेझियानो यांना तीव्र बलाने (क्वार्कांना प्रोटॉनमध्ये बांधून ठेवणाऱ्या बलाने) होणाऱ्या टकरींचं वर्णन करणारं सूत्र सापडलं. दोनेक वर्षांत योइचिरो नाम्बू, होल्गर नील्सन आणि लिओनार्ड ससकिंड यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की हे सूत्र थरथरणाऱ्या तंतूंचं आहे. कल्पना अशी की दोन क्वार्कांमध्ये बलाचा तंतू ताणलेला असतो. त्याचा ताण सुमारे १६ टन वजनाइतका, म्हणजे भरलेल्या ट्रकचं वजन एका प्रोटॉनहूनही बारीक दोरीवर. ही कल्पना चुकीची नव्हती, पण १९७३च्या सुमारास क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स या दुसऱ्या सिद्धांताने तीव्र बलाचा प्रश्न जास्त नेटकेपणाने सोडवला आणि तंतू मागे पडले.

त्यांच्यात एक खोडही होती. शून्य वस्तुमानाचा आणि २ स्पिनचा (स्पिन म्हणजे कणाचं अंगभूत फिरणं) एक कण गणितातून सारखा डोकं वर काढायचा. तीव्र बलात असा कण नाही. १९७४ साली जोएल शेर्क आणि जॉन श्वार्झ यांनी, आणि वेगळेपणाने तामिआकी योनेया यांनी, म्हटलं की हा कण काढून कशाला टाकायचा? हा तर ग्रॅव्हिटॉन, गुरुत्वाकर्षणाचा कण. ताण तेवढा १६ टनांवरून दहाच्या ३९व्या-४०व्या घाताइतक्या टनांवर न्यावा लागेल. त्यांनी तो नेला. लोकांनी आणखी दहा वर्षं दुर्लक्ष केलं. १९८४ मध्ये मायकल ग्रीन आणि श्वार्झ यांनी सिद्धांतातली एक जीवघेणी विसंगती आपोआप कटते हे दाखवलं, तेव्हा झुंबड उडाली.

गुरुत्वाकर्षण ‘आपोआप’ येतं म्हणजे नेमकं काय होतं?

कड्यासारख्या बंद तंतूवर दोन प्रकारच्या लाटा एकमेकींच्या आड न येता फिरतात: उजवीकडे जाणाऱ्या आणि डावीकडे जाणाऱ्या. प्रत्येक लाटेला स्वतःची दिशा असते. दोन्हींची सर्वात साधी कंपनं एकत्र केली की दोन दिशा वाहणारा, शून्य वस्तुमानाचा कण तयार होतो. २ स्पिन म्हणतात ते हेच. असा कण इतरांशी सुसंगतपणे वागायचा असेल तर त्याला आइन्स्टाइनचीच समीकरणं पाळावी लागतात. ती वेगळी घालावी लागत नाहीत.

गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम, म्हणजे अतिसूक्ष्म जगाचे नियम, एकत्र करताना बिंदुकणांच्या हिशेबात अनंत येतात. त्या अनंताचं काय होतं हे समजायला पायजमा डोळ्यांसमोर आणा. दोन कडी पुढे सरकत एकमेकांत मिसळली की त्यांनी मागे सोडलेला पृष्ठभाग पायजम्यासारखा दिसतो: दोन पाय म्हणजे आधीची दोन कडी, कंबर म्हणजे नंतरचं एक. बिंदुकण एकमेकांना एका टोकदार जागी भेटतात, आणि अनंत त्या टोकातूनच येतात. पायजम्यात ‘नेमकं इथे जोडलं’ असं दाखवता येणारं टोकच नाही. तो कापलात कसा यावर जोड कुठे दिसेल ते ठरतं. टोक नाही, म्हणून ते अनंतही नाहीत.

मिती दहाच का? नऊ किंवा बारा का नाही?

स्ट्रिंग थिअरीला काळ धरून दहा मिती लागतात. लोकांना ही सर्वात मनमानी वाटणारी गोष्ट. उलट ही सर्वात कमी मनमानी आहे, आणि भागाकार येणाऱ्याला उत्तर स्वतः काढता येईल इतकी ती जवळची आहे.

एकूण मितींची संख्या ‘म’ धरा. काळ आणि तंतूची स्वतःची दिशा वगळली तर थरथरायला म वजा २ दिशा उरतात. क्वांटममध्ये कोणतीही थरथर पूर्ण शांत होत नाही, किमान ऊर्जा उरतेच. तंतूच्या सगळ्या स्वरांची ही उरलेली ऊर्जा जमवताना १ + २ + ३ + … अशी बेरीज समोर येते. तिचा अनंत भाग तंतूच्या ताणातच जमा करून टाकता येतो. नंतर जे उरतं ते बेरजेच्या जागी उणे एक-बारांश धरल्यासारखं असतं. दर दिशेला त्याचं निम्मं, म्हणजे उणे एक-चोविसांश. (युट्यूबवर ‘सगळ्या संख्यांची बेरीज उणे एक-बारांश’ असं छातीठोक सांगतात ते अर्धवट आहे. अनंत भाग कुठे गेला हे सांगितल्याशिवाय ते वाक्य खोटं आहे.)

आता तंतूचा पहिला स्वर छेडा. ऊर्जेत १ची भर पडते. एकूण होतं १ वजा (म − २) भागिले २४. या अवस्थेला म वजा २ दिशा आहेत. आपल्या चार मितींत प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे थरथरण्याच्या, दिशा दोन असतात, म्हणजे ४ वजा २. वस्तुमान असलेल्या तशाच कणाला मात्र तीन लागतात. म्हणजे म वजा २ दिशांचा कण वस्तुमान शून्य असल्याशिवाय सापेक्षतेत बसतच नाही. तर १ वजा (म − २)/२४ बरोबर शून्य, आणि म बरोबर २६.

हा सर्वात जुना, बोसॉनिक तंतू. त्यात इलेक्ट्रॉनसारखे फर्मिऑन, म्हणजे पदार्थ घडवणारे कण, नाहीत, शिवाय सगळ्यात खालच्या अवस्थेच्या वस्तुमानाचा वर्ग उणे निघतो, म्हणून तो बाद. फर्मिऑन घातले की त्याला सुपरस्ट्रिंग म्हणतात. तिथे पहिल्या पायरीची भर अर्धी आणि दर दिशेला उणे एक-सोळांश. अर्धा बरोबर (म − २)/१६. करून बघा: १० येतात.

मग उरलेल्या सहा मिती दिसत का नाहीत?

वरळी किल्ल्यावरून सी लिंककडे बघितलं की त्याच्या केबल पेन्सिलीने ओढलेल्या रेघा वाटतात, नुसती लांबी. केबलवर चालणाऱ्या मुंगीला मात्र दुसरी दिशाही मिळते: गोल फिरून पुन्हा त्याच जागी यायची. मिती गुंडाळलेली असते म्हणजे अशी. थिओडोर कालुझा यांनी १९२१ मध्ये पाचवी मिती मांडली आणि ऑस्कर क्लाइन यांनी १९२६ मध्ये ती इवलीशी गुंडाळली. तंतूंच्या कितीतरी आधीची ही कल्पना आहे.

‘लहान आहे म्हणून दिसत नाही’ एवढं सांगून भागत नाही. क्वांटममध्ये लहान वर्तुळात फिरायचं तर लाट त्यात पूर्ण बसायला हवी आणि वर्तुळ जितकं लहान तितकी त्या फिरण्याची ऊर्जा जास्त. तेवढी ऊर्जा जवळ नसेल तर कण त्या दिशेने हलूच शकत नाही. रस्ता आहे, पण टोल परवडत नाही.

सहा मितींचा आकार मात्र साधं वर्तुळ नसतो. १९८५ मध्ये फिलिप कँडेलस, गॅरी होरोविट्झ, अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि एडवर्ड विटन यांनी त्यासाठी कलाबी-याउ नावाचे आकार वापरले. त्यांच्या रचनेत कणांच्या किती पिढ्या (इलेक्ट्रॉन आणि म्युऑनसारखे एकाच धाटणीचे, पण कमी-जास्त वजनाचे संच) असतील हे आकाराच्या ऑयलर अंकाच्या, म्हणजे त्याची ठेवण सांगणाऱ्या एका संख्येच्या, निम्म्यावरून ठरतं. निसर्गात पिढ्या तीन, म्हणजे हा अंक अधिक किंवा उणे ६ हवा.

‘लहान वर्तुळ आणि मोठं वर्तुळ एकच’ असं वाचलं. छापायची चूक आहे का?

नाही. तंतू हा ठिपका नसल्याचा हा सर्वात नाट्यमय परिणाम आहे. बिंदुकण वर्तुळावर फक्त फिरू शकतो. तंतू फिरतोही आणि भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा त्याच्याभोवती गुंडाळलाही जातो. तंतूच्या लांबीच्या एककात त्रिज्या २ घ्या. फिरण्याच्या ऊर्जा १ला त्रिज्येने भागून येतात: अर्धा, एक, दीड. गुंडाळण्याच्या ऊर्जा त्रिज्येच्या पटीत: २, ४, ६. आता त्रिज्या अर्धी घ्या. फिरण्याच्या ऊर्जा २, ४, ६ आणि गुंडाळण्याच्या अर्धा, एक, दीड. यादी तीच, फक्त रकाने बदलले. त्या जगात राहणाऱ्याला कोणत्याही मोजमापाने ही दोन वर्तुळं वेगळी ओळखता येणार नाहीत. एका मर्यादेखालची लांबी ‘मोजणं’ याला कदाचित अर्थच नसेल, ही शंका इथून सुरू होते.

एम-थिअरी म्हणजे वेगळा सिद्धांत का?

१९८५ पर्यंत दहा मितींतल्या सुसंगत सुपरस्ट्रिंग थिअरी पाच झाल्या होत्या. एकच विश्व समजावणारे पाच सिद्धांत म्हणजे नामुष्कीच. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत विटन यांनी मांडलं की हे पाचही एकाच, ११ मितींपर्यंत जाणाऱ्या सिद्धांताचे वेगवेगळे कोपरे आहेत. त्या मांडणीआधी एक कळीचा पुरावा आला होता. तंतूंची परस्परक्रिया अगदी दुबळी असताना आणि अगदी जोरदार असताना सिद्धांत सारखाच दिसतो याची ठोस चाचणी अशोक सेन यांनी १९९४ साली दिली. तेव्हा ते कोलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, होते.

‘ब्रेन’ म्हणजे मेंदू?

नाही, मेम्ब्रेनमधला ब्रेन. उघड्या तंतूची टोकं ज्या पृष्ठभागाला चिकटतात ते पटल. जोसेफ पोलचिन्स्की यांनी १९९५ मध्ये त्यांचं महत्त्व दाखवलं.

प्रयोगाने सिद्ध झाली आहे का?

नाही. या उत्तराला ‘पण’ लावून ते मऊ करू नये. अडचण कुठे आहे ती मात्र नीट समजून घ्यावी.

तंतू थेट दिसावेत तर प्लँक ऊर्जेच्या आसपास जावं लागेल. ती म्हणजे सुमारे १.२ गुणिले दहाचा २८वा घात इलेक्ट्रॉन-व्होल्ट. विजेच्या बिलाच्या भाषेत साधारण ५४० युनिट. एसी नसलेल्या वन-बीएचकेचं दोन-तीन महिन्यांचं मीटर. ऊर्जा फार मोठी नाही, पण ती सगळी एका कणात कोंबायची आहे. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्रात २०२२ पासून टकरी झाल्या त्या १३.६ टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्टला (टेरा म्हणजे दहाचा १२वा घात). उडत्या डासाची ऊर्जा सुमारे १ टेरा इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, म्हणजे तेरा-चौदा डास. यंत्राचा घेर २७ किलोमीटर. तसलेच चुंबक वापरून प्लँक ऊर्जा गाठायची तर घेर सुमारे २,५०० प्रकाशवर्षं लागेल.

आडवाटेने शोध घेतला गेला आहे. सुपरस्ट्रिंगला लागणारी सुपरसिमेट्री, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असण्याची सममिती, एलएचसीच्या टप्प्यात असेल तर नवे कण दिसायला हवे होते. २०१२ मध्ये हिग्ज कण सापडला, हे जोडीदार कण आजवर नाहीत. जास्तीची मिती मोठी असेल तर अगदी जवळच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलायला हवा. तोही सुमारे ५० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे बारीक केसाच्या जाडीपर्यंत, तपासला गेला आणि बदललेला नाही. यातून सिद्धांत खोटा ठरत नाही, कारण या गोष्टी त्याहून वरच्या ऊर्जेला किंवा लहान अंतराला असू शकतात. टीकाकारांची खरी तक्रार हीच आहे, आणि ती रास्त आहे.

‘दहाचा ५००वा घात इतकी विश्वं’ हा आकडा कुठून आला?

प्रवासी बॅगेच्या कुलपाला तीन चकत्या असतात, प्रत्येकीवर दहा अंक, म्हणून हजार जुळण्या. कलाबी-याउ आकाराला शेकडो भोकं असू शकतात आणि प्रत्येक भोकातून जाणारा चुंबकासारखा प्रवाह ठरावीक मूल्यंच घेतो. ५०० चकत्या, प्रत्येकीवर दहा पर्याय: झाला दहाचा ५००वा घात. काटेकोर मोजणी नव्हे, अंदाज. प्रत्येक जुळणीत भौतिकशास्त्राचे स्थिरांक वेगळे. यातली आपली जुळणी कोणती आणि ती शोधायची कशी, हे कुणालाही जमलेलं नाही. १९९८ मध्ये विश्वाचा प्रसार वेगावतो आहे असं कळल्यावर तशी जुळणी स्ट्रिंग थिअरीत कशी उभी करता येईल याची एक पद्धत २००३ मध्ये शमित काचरू, रेनाटा कॅलोश, आंद्रेई लिंडे आणि टीआयएफआरचे संदीप त्रिवेदी यांनी मांडली. ती पूर्णपणे पक्की आहे का यावर अजून खडाजंगी चालू आहे.

मग एवढी वर्षं लोक करतायत काय? हाती काय लागलं?

सर्वात भक्कम कमाई कृष्णविवरांत. जेकब बेकेन्स्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांच्या १९७०च्या दशकातल्या कामातून कळलं होतं की कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या एक-चतुर्थांश असते (प्लँक एककात). एन्ट्रॉपी म्हणजे आतल्या शक्य रचनांची मोजदाद. पण कसल्या रचना? १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी एका खास, पाच मितींतल्या कृष्णविवरासाठी तंतू आणि पटलांच्या रचना खरोखर मोजल्या, आणि तो एक-चतुर्थांशही तंतोतंत आला. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवरासाठी हे अजून झालेलं नाही.

दुसरी कमाई १९९७ची. हुआन माल्दासेना यांनी मांडलं की एका विशिष्ट वक्र अवकाशातलं गुरुत्वाकर्षण आणि त्या अवकाशाच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षण नसलेला क्वांटम सिद्धांत हे एकच आहेत. मग अवघड हिशेब सोप्या बाजूला नेऊन करता येतो. २००८ मध्ये शिराज मिनवाला आणि सहकाऱ्यांनी टीआयएफआरमधून दाखवलं की आइन्स्टाइनच्या समीकरणांतून याच वाटेने वाहत्या द्रवाची समीकरणं पायरीपायरीने काढता येतात. कृष्णविवराचं क्षितिज आणि ओहोटीचं पाणी यांचं गणित एका वहीत मावतं.

दुसरे मार्ग आहेत का?

आहेत. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम जोडू पाहणारा लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हा सर्वात ठळक, आणि त्याचा पाया १९८६ मध्ये नव्या चलांच्या रूपात घातला तो शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी. तिथे तंतू नाहीत, अवकाशाचेच तुकडे मोजले जातात. प्रयोगाचा पुरावा त्यांच्याकडेही नाही.

आपल्या नादब्रह्माला स्ट्रिंग थिअरीने दुजोरा दिला, हे खरं का?

नाही. ‘सगळं कंपन आहे’ हे वाक्य दोन्हीकडे आढळतं, पण एकीकडून २६ आणि १० हे आकडे निघतात, दुसरीकडून निघत नाहीत. नादब्रह्माची थोरवी वेगळ्या जातीची आहे. तिला भौतिकशास्त्राच्या शिक्क्याची गरज नाही.

मुंबईत हा विषय कुठे भेटतो?

कोलाब्याला नेव्ही नगरच्या टोकाशी टीआयएफआर. १९४५ साली होमी भाभांनी ही संस्था स्थापन केली आणि तिथल्या सैद्धांतिक भौतिकी विभागात स्पेंटा वाडिया यांच्या पिढीपासून तंतूंवर काम चालू आहे. जानेवारी २००१ मध्ये ‘स्ट्रिंग्ज’ ही जागतिक परिषद इथेच भरली आणि हॉकिंग तिला आले होते. पवईच्या आयआयटीतही संशोधन होतं. नुसतं ऐकायचं असेल तर टीआयएफआरचा ‘चाय अँड व्हाय?’ हा रविवारचा मोफत कार्यक्रम पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात वर्षानुवर्षं होत आला आहे. विषय दर वेळी वेगळा असतो, स्ट्रिंगच असेल असं नाही.

पदवीसाठी कॉलेजातली भौतिकीची बी.एस्सी. पुरेशी आहे. बारावीनंतर कलिना कॅम्पसवरच्या सीईबीएसचा (मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचं मूलभूत विज्ञानांचं केंद्र) पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. हा दुसरा पर्याय, त्याला नेस्ट ही प्रवेश परीक्षा लागते. संशोधनासाठी टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि जेस्ट ही अनेक संस्थांची सामाईक परीक्षा. तारखा आणि अटी दर वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावरच बघाव्यात, क्लासवाल्यांच्या फलकावर नव्हे.

शिकायला सुरुवात कुठून करावी, आणि माणसं कुठे अडकतात?

क्रम असा: कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित, लाग्रांजची यांत्रिकी, विशेष सापेक्षता, क्वांटम यांत्रिकी, मग क्वांटम क्षेत्र सिद्धांत आणि सामान्य सापेक्षता जोडीने, शेवटी तंतू. सर्वसाधारणपणे एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष किंवा पीएच.डी.चं पहिलं उजाडतं.

स्वतःला तपासायची एक युक्ती आहे. क्वांटममधल्या हार्मोनिक ऑसिलेटरच्या पायऱ्या, चढवणारी आणि उतरवणारी क्रिया वापरून, पुस्तक मिटून काढता येतात का? येत असतील तर तंतूचं क्वांटमीकरण निम्मं आलं, कारण तंतू म्हणजे अशा ऑसिलेटरांची माळच. येत नसतील तर पुढचं प्रकरण उघडू नका.

क्षेत्र सिद्धांत गाळून थेट तंतूंवर उडी मारणारे सर्वात जास्त. त्यांना पहिली पन्नास पानं सोपी जातात आणि पायजम्याचा हिशेब आला की पाय अडकतो. त्याखालोखाल एककं. पुस्तकं प्रकाशाचा वेग आणि २π ने भागलेला प्लँक स्थिरांक (एच-बार) दोन्ही १ धरतात आणि उत्तर मीटरमध्ये हवं असलं की गोंधळ उडतो. या दोन स्थिरांकांचा गुणाकार १९७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट गुणिले फर्मी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फर्मी म्हणजे दहाचा उणे १५वा घात मीटर. २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा म्हणजे साधारण १ फर्मी लांबी, एवढं डोक्यात राहिलं तरी पुरे. आणि चिन्हं: काही लेखक काळाला उणे धरतात, काही अवकाशाला. दोन पुस्तकं एकदम उघडून अभ्यास करणार असाल तर कोणतं कुठलं वापरतं हे समासात पेन्सिलीने टिपून मगच पहिलं समीकरण उतरवा.